शेजाऱ्याचा खटला, शेजारीच पंच: रवांडाच्या गचाचा न्यायालयांचं प्रकरण

१९९०च्या दशकाच्या शेवटी रवांडाच्या तुरुंगांत सव्वा लाखाच्या आसपास कच्चे कैदी होते. तुरुंग बांधले होते ते याच्या कितीतरी कमी माणसांसाठी. १९९५ साली गितारामाच्या तुरुंगात एका चौरस मीटरमध्ये चार-चार माणसं कोंबलेली होती. आडवं व्हायला जागा नाही, दिवसचे दिवस ओल्या घाणीत उभं राहायचं. त्यात पाय सडून माणसं मेली. बहुतेकांवर आरोप एकच होता, एप्रिल ते जुलै १९९४ मधल्या, तुत्सी या अल्पसंख्य समाजाच्या वंशसंहारात भाग घेतल्याचा. कोण खरोखर मारेकरी, कोण जमिनीच्या भांडणातून अडकवलेला, हे सांगता येईल असे कागद फारसे कुणाकडे नव्हते. कित्येकांच्या नावाची साधी फाईलही उघडलेली नव्हती.

तुरुंगाबाहेरची परिस्थितीही कठीणच होती. ज्यांचं अख्खं घर संपलं होतं त्या विधवा आणि पोरकी मुलं त्याच टेकड्यांवर राहत होती. कैद्यांच्या बायका जेवणाच्या टोपल्या घेऊन कित्येक मैल चालत तुरुंगापर्यंत जात होत्या. दोघींचा पाणवठा एक, बाजार एक, चर्च एक. आणि प्रेतं कुठे टाकली हे ज्यांना माहीत होतं, ते तोंड उघडत नव्हते.

या पेचातून जो मार्ग काढला गेला त्याचा हा अभ्यास आहे. ज्या गावात गुन्हा घडला त्या गावाने आपल्यातूनच पंच निवडायचे आणि त्या पंचांनी आपल्याच शेजाऱ्यांवरचे खुनाचे खटले चालवायचे, असा तो मार्ग. गचाचा न्यायालयं म्हणतात ती हीच. माझं मत सुरुवातीलाच सांगून ठेवते. पंच गावातले होते म्हणून हे काम होऊ शकलं, आणि त्यातले बहुतेक अन्यायही पंच गावातले होते म्हणूनच घडले. शिवाय या कामाचा भार ज्यांच्यावर टाकला, त्यांना राज्याने फार थोडं संरक्षण दिलं.

गुन्ह्याचं स्वरूप

६ एप्रिल १९९४च्या रात्री राष्ट्राध्यक्ष जुवेनाल हब्यारिमाना यांचं विमान किगालीत उतरता उतरता पाडलं गेलं. काही तासांत राजधानीत नाके उभे राहिले आणि ओळखपत्रावर ‘तुत्सी’ लिहिलेल्यांना रांगेतून बाजूला काढून मारायला सुरुवात झाली. कट वरून आला होता. सैन्यातले अधिकारी, स्थानिक प्रशासन, इंटरहाम्वे या हुतू तरुणांच्या सशस्त्र टोळ्या आणि आरटीएलएम हे रेडिओ केंद्र यांनी तो तडीस नेला. पण गावात कोयता उचलणारे हात गावातलेच होते. रवांडा सरकारच्या मोजणीप्रमाणे दहा लाखांहून जास्त माणसं मारली गेली; इतर अंदाज पाच ते आठ लाखांच्या दरम्यानचे आहेत. देशाची लोकसंख्या तेव्हा सत्तर लाखांच्या आसपास होती. तुत्सींना लपवणारे किंवा मारायला नकार देणारे, बहुसंख्य हुतू समाजातले लोकही मारले गेले.

पुढचं सगळं समजून घ्यायचं तर एक बाब लक्षात ठेवावी लागते. या गुन्ह्याला फार थर होते. एकाने मारलं. दुसऱ्याने लपलेल्यांचा ठावठिकाणा सांगितला. तिसरा नाक्यावर काठी घेऊन उभा होता. चौथ्याने कुणाला हात लावला नाही, पण दुसऱ्या दिवशी मेलेल्याची गाय हाकून नेली. पाचव्याने छपराचे पत्रे काढून नेले आणि ते आजही त्याच्या घरावर आहेत. यातला कोण गुन्हेगार आणि किती, हे ठरवायला नेहमीच्या न्यायालयाची चौकट अपुरी पडते.

आणि ती न्यायालयं तरी कुठे उरली होती? वंशसंहाराआधी देशात साडेसातशेच्या आसपास न्यायाधीश होते; त्यातले अडीचशेच्या आत उरले. बाकीचे मारले गेले, पळून गेले किंवा स्वतःच आरोपी होते. ऑगस्ट १९९६ मध्ये खास कायदा झाला. गुन्ह्यांच्या चार श्रेण्या पाडल्या, कबुली देणाऱ्याला शिक्षेत सूट ठेवली, आणि डिसेंबरात खटले सुरू झाले. २४ एप्रिल १९९८ रोजी बावीस दोषींना जाहीररीत्या गोळ्या घातल्या गेल्या. पण खटल्यांचा वेग असा होता की सगळे संपायला शंभर वर्षांहून जास्त लागली असती.

संयुक्त राष्ट्रांनी टांझानियातल्या अरुशा शहरात आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण स्थापन केलं होतं. २ सप्टेंबर १९९८ रोजी तिथे ताबा गावाचा माजी प्रशासक ज्यां-पॉल अकायेसू दोषी ठरला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने वंशसंहाराच्या गुन्ह्यासाठी दिलेला तो जगातला पहिला निकाल, आणि बलात्कार हे वंशसंहाराचं हत्यार असू शकतं हेही त्यातच पहिल्यांदा मान्य झालं. त्या तीन न्यायाधीशांच्या पीठावर दरबानच्या, तमिळ वंशाच्या नवनीतम पिल्लै होत्या. निकाल मोठाच होता. पण ते न्यायाधिकरण होतं परदेशात, भाषा फ्रेंच आणि इंग्रजी, आणि २०१५च्या अखेरीस बंद होईपर्यंत त्याने आरोप ठेवले ते ९३ जणांवर. खर्च दोन अब्ज डॉलरच्या घरात गेला. कटाच्या सूत्रधारांसाठी ते ठीक होतं. गाय हाकून नेणाऱ्याचं काय करायचं, हा प्रश्न त्याच्यापुढे कधी आलाच नाही.

गवतावरची बैठक कायद्यात कशी आली

मे १९९८ ते मार्च १९९९ या काळात राष्ट्राध्यक्ष पास्तर बिझिमुंगू दर शनिवारी उरुग्विरो इथल्या आपल्या कार्यालयात राजकारणी, कायदेपंडित, धर्मगुरू, सैन्यातले लोक यांना बोलावून चर्चा करत. तिथे गचाचाचं नाव पुढे आलं. गावातली वडीलधारी माणसं गवतावर बसून जमिनीचे, गुरांचे, सासर-माहेरचे तंटे मिटवत, ती ही जुनी पद्धत. तिच्यात निकाल झाला की दोन्ही पक्ष एकत्र केळ्याची बिअर पीत. बायकांना त्या बैठकीत स्थान नव्हतं आणि खुनासारखे गुन्हे तिच्यापुढे येत नव्हते.

म्हणूनच विरोधही झाला. ज्यांना कायद्याचं शिक्षण नाही त्यांनी खुनाचा निवाडा करायचा, आरोपीला वकील नाही, पुरावा म्हणजे जवळजवळ फक्त तोंडी साक्ष. हे न्याय्य खटल्याच्या कुठल्या व्याख्येत बसतं, असं मानवी हक्क संघटना विचारत होत्या. प्रश्न बिनतोड होता. पण पर्याय काय, याचं उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं. सरसकट माफी दिली तर वाचलेल्यांना पुन्हा मारल्यासारखं झालं असतं, आणि खटले न चालवता सव्वा लाख माणसं आयुष्यभर डांबून ठेवणं हाही गुन्हाच. त्या दोन टोकांमध्ये उभं राहून पाहिलं तर गचाचाचा निर्णय मला आजही चुकीचा वाटत नाही. तो कसा राबवला, तिथे माझं भांडण आहे.

जानेवारी २००१ मध्ये कायदा झाला. १ ऑक्टोबर १९९० ते ३१ डिसेंबर १९९४ या काळातले गुन्हे त्याच्या कक्षेत आले. ‘सेल’ म्हणजे साधारण आपली वाडी, आणि ‘सेक्टर’ म्हणजे अनेक वाड्यांचा गट. पुढे २००४च्या सुधारणेनंतर वाडीच्या पंचांकडे माहिती गोळा करणं, आरोपींची श्रेणी ठरवणं आणि मालमत्तेचे दावे राहिले. खून आणि मारहाणीचे खटले सेक्टरच्या पंचांकडे, आणि त्यांच्यावर अपिलाचं पंचमंडळ. देशभर मिळून १२,१०३ पंचमंडळं झाली. कटाचे सूत्रधार, बडे अधिकारी आणि बलात्काराचे आरोपी, म्हणजे पहिली श्रेणी, सुरुवातीला यातून वगळून नेहमीच्या न्यायालयांकडे ठेवले होते.

पंच कोण होते

४ ते ७ ऑक्टोबर २००१ दरम्यान देशभर पंचांची निवड झाली. अडीच लाखांहून जास्त माणसं निवडली गेली. गुप्त मतदान नव्हतं. घराघरांच्या गटातून नावं सुचवली जात, ती भरसभेत पुकारली जात, आणि ज्याला आक्षेप असेल त्याने तो सगळ्यांसमोर सांगायचा. अटी थोड्याच होत्या. वय २१ पूर्ण, वंशसंहारात भाग घेतलेला नसावा, गावात सचोटीबद्दल नाव असावं. सरकारी अधिकारी, पोलीस, सैनिक, पक्षाचे पुढारी आणि पगारी न्यायाधीश यांना मनाई होती. या पंचांना ‘इन्यांगामुगायो’ म्हणत. प्रामाणिक माणसं, असा अर्थ. मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर ‘पंच’ म्हटल्यावर जातपंचायत उभी राहील, म्हणून एवढं सांगायला हवं की इथे जात किंवा घराणं पाहून कुणी पंच होत नव्हतं, आणि ज्या बैठकीत बायकांना पूर्वी बसता येत नव्हतं तिथे पंचांमध्ये सुमारे एक तृतीयांश बायका होत्या.

बहुतेक पंच शेतकरी होते. कुणी शाळामास्तर, कुणी सुईण. अनेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे निदान चिटणिसांना तरी ते आलंच पाहिजे अशी अट घालावी लागली. २००२ मध्ये त्यांना काही दिवसांचं प्रशिक्षण मिळालं: कायदा काय म्हणतो, सभा कशी चालवायची, नोंद कशी ठेवायची. मानधन नव्हतं. आठवड्यातला एक दिवस शेत सोडून यायचं आणि तोही वर्षानुवर्षं. पुढे आरोग्य विम्यासारख्या काही सवलती मिळाल्या, पण हाताने खणून पोट भरणाऱ्या कुटुंबाला आठवड्यातला एक दिवस किती महाग पडतो, हे वेगळं सांगायला नको.

एका मंडळात सुरुवातीला १९ पंच होते. तेवढे जमवणं अशक्य झालं, म्हणून २००४च्या कायद्याने ते ९वर आणले आणि २००७ मध्ये ७वर. सुनावणीतल्या आरोपीशी जवळचं नातं, गाढ मैत्री किंवा उघड वैर असेल त्या पंचाने उठून बाजूला व्हायचं, असा नियम होता. कागदावर हा नियम सोपा वाटतो. वाडीत सगळेच एकमेकांचे कुणी ना कुणी लागतात. किती जणांनी उठायचं?

वहीत नावं लिहिणं

१८ जून २००२ रोजी मोजक्या ठिकाणी प्रायोगिक काम सुरू झालं आणि जानेवारी २००५ पासून देशभर. निवाड्याआधी याद्या करायच्या होत्या, आणि माझ्या मते गचाचातलं सर्वांत मोलाचं काम हेच आहे.

गावसभा भरायची. वंशसंहाराआधी वाडीत कोणकोण राहत होतं, घरोघरी, त्याची यादी. त्यातलं कोण मारलं गेलं, कुठे, कसं. कुणाची कुठली मालमत्ता लुटली किंवा जाळली. आणि शेवटी संशयित कोण. चिटणीस हे सगळं वहीत हाताने लिहून घ्यायचा आणि मोठ्याने वाचून दाखवायचा. सभेने ‘बरोबर’ म्हटलं की पुढचं घर.

ज्या बाईचं माहेर आणि सासर दोन्ही संपलं, तिच्या मुलांची नावं भरसभेत उच्चारली जाणं आणि ती सरकारी वहीत चढणं याला काय किंमत असते, हे आकड्यांत सांगता येणार नाही. देशभर असंख्य सांगाडे याच काळात सापडले: शौचखड्ड्यांत, केळीच्या बागांत, ओढ्याच्या काठी. ते काढून, धुऊन रीतसर पुरले गेले. अरुशाचं न्यायाधिकरण हे करू शकलं नसतं. किगालीहून आलेला न्यायाधीशही करू शकला नसता. ज्याने खड्डा पाहिला होता तोच तो दाखवू शकत होता.

याद्या पूर्ण झाल्या तेव्हा जो आकडा निघाला त्याने सगळेच हादरले. सव्वा लाख कैद्यांचे खटले संपवायला निघालेल्या या व्यवस्थेच्या वह्यांत ८,१८,५६४ संशयितांची नावं चढली होती. त्यातले साडेचार लाखांच्या आसपास दुसऱ्या श्रेणीतले, म्हणजे खून, खुनाचा प्रयत्न, मारहाण किंवा त्यात साथ.

शिवाय पंचांचीच नावं येऊ लागली. २००१ मध्ये भरसभेत ज्यांच्यावर कुणी आक्षेप घेतला नव्हता, त्यांच्यातल्या हजारोंची नावं २००५ मध्ये आरोपींच्या यादीत गेली आणि त्यांना काढून दुसरे पंच नेमावे लागले. यातले काही खरोखर मारेकरी होते, आणि वाचलेल्यांना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं; बोलायची हिंमत तेव्हा नव्हती. काहींना खोटं गोवलं गेलं, कारण ते ताठ होते. दोन्ही प्रकार घडले. त्याच वर्षी दक्षिण भागातून हजारो लोक खटल्यांच्या धास्तीने सीमा ओलांडून बुरुंडीत पळाले. जूनमध्ये त्यांना परत पाठवण्यात आलं.

एक सुनावणी

मार्च २००५ मध्ये प्रायोगिक भागांत निवाडे सुरू झाले आणि जुलै २००६ पासून देशभर. गचाचाच्या दिवशी सकाळी दुकानं बंद ठेवायची, शेतात जायचं नाही. हजेरी पुढे सक्तीचीच झाली. लोक गवतावर, दगडांवर नाहीतर शाळेच्या वर्गात बसत. बायकांच्या पाठीला मुलं बांधलेली, उन्हासाठी छत्र्या उघडलेल्या. समोर एक लांब बाक, त्यावर पंच, प्रत्येकाच्या अंगावर निळा-पिवळा-हिरवा पट्टा. पुरेशी माणसं जमेपर्यंत काम सुरू होत नसे आणि त्यात अर्धी सकाळ जाई. मृतांसाठी सगळे क्षणभर स्तब्ध उभे राहत. मग अध्यक्ष नियम वाचून दाखवत: हात वर करून बोलायचं, एकाने बोलताना दुसऱ्याने तोंड घालायचं नाही, शिवीगाळ करायची नाही, खरं तेच सांगायचं.

गुलाबी कपड्यातला कैदी उभा राही. कबुली दिलेली असेल तर ती वाचली जाई, आणि मग पंचांचे प्रश्न. तुझ्याबरोबर कोण कोण होतं? हातात काय होतं? बोलवायला कोण आलं? प्रेत कुठे टाकलं? गाय कुणी कापली आणि मांस कुणाकुणाच्या घरी गेलं? या शेवटच्या प्रश्नावर सभेत चुळबुळ होई, कारण मांस खाणारे तिथेच बसलेले असत.

कबुली नुसती ‘मी चुकलो’ म्हणून चालत नव्हती. गुन्हा कुठे, केव्हा, कसा केला, साथीदार कोण, मृताचे अवशेष कुठे, हे सगळं सांगून जाहीर माफी मागायची. २००४च्या कायद्यात खुनाच्या गुन्ह्याला कबुली नसेल तर २५ ते ३० वर्षं, यादीत नाव आल्यानंतर कबुली दिली तर १२ ते १५, आणि यादीत नाव येण्याआधीच पुढे येऊन सांगितलं तर ७ ते १२ वर्षं. कबुली देणाऱ्याची निम्मी शिक्षा तुरुंगाबाहेर: दगड फोडणं, रस्ते, डोंगरउतारावर पायऱ्यांची शेतं करणं. मालमत्तेच्या गुन्ह्यांना फक्त भरपाई, आणि दोघांनी आपसात मिटवलं तर खटलाच नाही.

यातून निम्मी-अर्धी कबुली देण्याची पद्धत पडली. एका खुनाची कबुली द्यायची, तिघांची दडवायची. साथीदार म्हणून नाव घ्यायचं ते मेलेल्याचं किंवा काँगोत पळालेल्याचं. इथे गावातल्या पंचाचा खरा उपयोग होता. ‘त्या आठवड्यात तू नाक्यावर होतास, मी तुला पाहिलं,’ असं पंच किंवा सभेतला कुणी म्हणू शकत होता. त्या घराच्या दारातून ओढा दिसतो की नाही, हे त्याला नकाशा न बघता ठाऊक होतं. शेवटी चिटणीस जबानी वाचून दाखवी, बोलणारा सही करी किंवा अंगठा उठवी, आणि पंच उठून बाजूला जाऊन विचार करत. शक्यतो एकमत, नाहीच झालं तर बहुमत.

आणि हाच पंच संध्याकाळी आरोपीच्या घरावरून चालत आपल्या घरी जायचा. त्याची मुलं त्याच शाळेत शिकत. ‘गप्प बसा’ हा अनेक वाड्यांमधला अलिखित करार होता. जो बोलेल त्याची गुरं मरतील, पीक कापलं जाईल, लग्नाचं आमंत्रण येणार नाही. काही ठिकाणी याहून फार पुढे गेलं. २००३च्या अखेरीस गिकोंगोरो भागातल्या कदुहा इथे साक्ष देऊ शकतील अशा वाचलेल्यांचे खून झाले. पंचांवरही हल्ले झाले. साक्षीदार आणि पंच यांच्या संरक्षणाची धड व्यवस्था सरकारने कधीच उभी केली नाही, आणि मी या व्यवस्थेला सर्वांत मोठा दोष देते तो याचाच.

घाई

आठ लाख नावं पाहून सरकारने उत्तर काढलं ते वेगाचं. २००७ मध्ये पंचांची संख्या कमी करून एकेका सेक्टरमध्ये अनेक मंडळं बसवली. एका दिवसात अनेक आरोपी. जिथे सुरुवातीला सभा बोलत होती तिथे आता यादी पुढे सरकवणं चालू झालं. बिनपगारी माणसाच्या हातात तीस वर्षांची शिक्षा असली की पैसे घेऊन येणारा भेटतोच. लाच घेतल्याबद्दल पंचांना अटकाही झाल्या. आणि जुनं वैर काढायला इतकी सोयीची जागा दुसरी नव्हती. बालहक्कांसाठी काम करणारे फ्रांस्वा-झाविए ब्युमा यांना मे २००७ मध्ये किगालीतल्या एका मंडळाने १९ वर्षांची शिक्षा दिली. मंडळाच्या अध्यक्षावर मुलीवरच्या बलात्काराचा आरोप होता आणि त्याची चौकशी ब्युमांच्याच संस्थेने केली होती. उघड वैर असेल त्या पंचाने उठावं, हा नियम पुस्तकात तसाच होता.

२००८ मध्ये कायदा पुन्हा बदलला आणि पहिल्या श्रेणीतले बहुतेक खटले, बलात्काराचेसुद्धा, गचाचाकडे आले. सुनावणी बंद दाराआड, पंचांना वेगळं प्रशिक्षण, बाहेर बोलणाऱ्याला शिक्षा, अशी काळजी घेतली होती. पण अनेक बायकांनी आधी तक्रार केली होती ती नेहमीच्या न्यायालयात, अनोळखी न्यायाधीशापुढे जाईल या भरवशावर. आता ऐकायला समोर बसलेले गावातलेच. बंद दाराआड कोण बाई गेली हे गावाला दिसतंच. सांगाडे शोधताना जी ओळख कामाला आली, तीच इथे त्या बायकांच्या जिवावर आली. हा निर्णय घ्यायला नको होता.

काही विषय गावसभेत निघूच शकत नव्हते. २००४च्या सुधारणेने युद्धगुन्हे कक्षेतून काढले. आरपीएफ या तुत्सीबहुल बंडखोर संघटनेने वंशसंहार थांबवून सत्ता घेतली होती; तिच्या सैनिकांनी १९९४ मध्ये ज्यांची माणसं मारली, त्यांनी हात वर केला तरी पंच त्यांना ‘हे इथे नाही’ असंच सांगू शकत. दोन्ही गुन्हे सारखे होते असं मी म्हणत नाही. वंशसंहार तो वंशसंहारच. पण ज्याच्या बापाचा खून वहीत लिहायला नकार मिळतो, तो दुसऱ्याच्या बापाबद्दल खरं बोलायला का येईल? अनेक ठिकाणच्या मौनाचं एक कारण इथे आहे.

बोलण्याने मन हलकं होतं, असं या काळात पोस्टरांवरून आणि भाषणांतून सतत सांगितलं गेलं. स्वीडिश संशोधक कॅरेन ब्रोनेउस यांनी गचाचापुढे साक्ष दिलेल्या १६ स्त्रियांशी सविस्तर बोलून आणि पुढे १,२०० रवांडावासीयांची पाहणी करून जे मांडलं ते याच्या उलट आहे. साक्ष दिलेल्यांमध्ये नैराश्य आणि आघाताची लक्षणं साक्ष न दिलेल्यांपेक्षा जास्त होती. अनेक स्त्रियांना साक्षीच्या आधी आणि नंतर धमक्या आल्या होत्या. सत्य बाहेर येणं देशासाठी आवश्यक होतं यात मला शंका नाही. त्याची किंमत त्याच बायकांनी मोजली, ज्यांच्याकडे गमावण्यासारखं आधीच फार थोडं उरलं होतं.

हिशेब

१८ जून २०१२ रोजी, सुरुवातीला बरोबर दहा वर्षं झाल्यावर, गचाचा न्यायालयं बंद झाली. निकाली निघालेली प्रकरणं १९,५८,६३४. त्यातली तेरा लाखांहून जास्त मालमत्तेची, पावणेसहा लाखांच्या आसपास दुसऱ्या श्रेणीतली आणि साठ हजारांच्या आसपास पहिल्या श्रेणीतली. एकाच माणसावर अनेक प्रकरणं होती, त्यामुळे प्रत्यक्ष माणसं सुमारे दहा लाख. साधारण १४ टक्के प्रकरणांत आरोपी सुटले. नुसता शिक्का मारायला बसलेल्या मंडळांकडून एवढ्या सुटका झाल्या नसत्या, असं मला वाटतं. वकील नसताना, सभेच्या नजरेसमोर, अनेक पंचांनी ‘पुरावा नाही’ म्हणायचं धैर्य दाखवलं. खर्च काही कोटी डॉलरचा, अरुशाच्या तुलनेत अगदी थोडा. तो थोडा दिसतो कारण पंचांच्या श्रमाचे पैसे हिशेबात धरलेलेच नाहीत.

उरलेल्या कामातलं सर्वांत किचकट आहे भरपाईचं. लुटलेल्या गाई, पत्रे, पिकं यांची किंमत पंचांनी ठरवून दिली, पण देणारेच कंगाल. काहींनी शेतात मजुरी करून फेडलं, काहींनी वाचलेल्याकडून हात जोडून माफी मिळवली, आणि हजारो निकाल अंमलबजावणीवाचून पडून राहिले. वाचलेल्यांच्या शिक्षण आणि औषधोपचारासाठी १९९८ मध्ये सरकारी निधी उभा राहिला. पण मेलेल्या माणसामागे थेट भरपाई देणारा निधी कायद्याच्या मसुद्यापुढे गेला नाही.

गावातले किरकोळ तंटे आता ‘अबुन्झी’ या मध्यस्थ समित्यांकडे जातात. गचाचाच्या वह्या किगालीत आहेत, मिळून सुमारे सहा कोटी पानं, आणि त्यांचं डिजिटल जतन हाती घेतलं गेलं. या सगळ्या व्यवस्थेच्या प्रशासकीय प्रमुख डोमितिल मुकांतागंझ्वा डिसेंबर २०२४ मध्ये रवांडाच्या सरन्यायाधीश झाल्या. आणि २००६-०७ मध्ये ज्यांना पंधरा-वीस वर्षांच्या शिक्षा झाल्या, ते आता हजारोंच्या संख्येने सुटून त्याच वाड्यांत परत येत आहेत. शिक्षा देणारे पंच तिथेच राहतात, आता म्हातारे झालेले, आणि त्यांच्या अंगावर आता कुठला पट्टा नाही की पाठीशी कुठलं पद नाही. सुटून येणाऱ्यांसाठी परतीआधीचे वर्ग घेतले जातात, वाचलेल्यांच्या संघटना आपल्या सभासदांना आधी कळवायचा प्रयत्न करतात. पंचांसाठी मात्र अशी स्वतंत्र सोय असायला हवी, आणि ती मागायला आज उशीर झालेला नाही.